गवतातले शेजारी

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते एक-दोन ठिकाणी नंतर घातले आहे.)



सांस्कृतिक समितीने मला सांगितले, की तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद आहात, तेव्हा पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. आता आठवणी म्हणजे काय, तर टँकर, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स डीड. टँकरवर माझ्याआधी दोघे बोलले. लिफ्टवर कोणी काही बोलू नये हे उत्तम. आणि कन्व्हेयन्सवर मी बोलायला लागलो तर जेवण गार होईल. म्हणून मी आज सोसायटीच्या अशा रहिवाशांवर बोलणार आहे, ज्यांनी आजवर एक रुपया मेंटेनन्स भरलेला नाही आणि ज्यांच्या नावावर थकबाकीही नाही. आपल्या मागच्या मोकळ्या जागेतले ससे.

हसू नका. बच्चेकंपनी मला ‘सशाचे आजोबा’ म्हणते हे मला माहीत आहे. पण हे नाव मला कौतुकाच्या कामातून मिळालेले नाही. ते एका चुकीतून मिळाले आहे, आणि ती चूक मी या व्यासपीठावरून पहिल्यांदाच सांगतो आहे.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा पाषाणच्या टेकडीच्या या अंगाला वस्ती अशी नव्हतीच. रात्री रिक्षावाला यायला तयार नसे. कंपाउंडची मागची भिंत अर्धी बांधलेली आणि तिच्या पलीकडे थेट टेकडी. दिवेलागणीला स्कूटर आत वळवली, की हेडलाइटच्या झोतात दोन लांब कान उभे दिसायचे. क्षणभर थबकायचे आणि मग कोन बदलत, वाकडेतिकडे पळत गवतात गडप. आमच्या हिला पहिल्यांदा वाटले, कुणाचा तरी पाळलेला ससा सुटलाय.

पुष्कळ जणांचा अजून तोच समज आहे. तेव्हा आधी तेवढे सांगतो. दुकानात पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मुळातला परदेशी. तिकडचे रानातले ससे बीळ करून राहतात, त्यांची ही माणसाने पाळून तयार केलेली जात. आपला टेकडीवरचा ससा निराळा. रंगाने मातकट-करडा, मानेच्या मागे काळा पट्टा, अंगाने दोन-तीन किलोचा, मागचे पाय लांब. हा बीळ करत नाही. गवतात अंगाच्या मापाची एक खळगी दाबून तीत दिवसभर बसून राहतो. तुम्ही हातभर अंतरावर येईपर्यंत हलत नाही, मग एकदम पायातून उडाल्यासारखा सुटतो. पाळीव सशाची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. आपल्या रानसशाचे पिल्लू जन्मतःच अंगभर केसांचे आणि डोळे उघडे असलेले असते. म्हणजे ते आपल्या हातात येते तेव्हा खेळण्यासारखे सुबक दिसते. सगळा घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडे चंद्रावर ससा. शशी, शशांक ही नावे त्यावरूनच. माझ्या एका शाखेत एकाच वेळी तीन शशिकांत होते, पण तिघांपैकी एकानेही रानातला ससा पाहिलेला नव्हता. आणि भित्र्या माणसाला आपण म्हणतो, याचे सशाचे काळीज. प्रत्यक्षात या सशाचे हृदय शरीराच्या मानाने पाळीव सशापेक्षा कितीतरी मोठे असते. पळून जीव वाचवायचा म्हणजे इंजिन तेवढे लागणारच. असो.

तर २००४ सालचा जून. पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी २००१ मध्येच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, त्यामुळे सोसायटीत दुपारी घरी सापडणारा पुरुष एकच. माळी मागच्या बाजूला विळ्याने गवत कापत होता. त्याला एक पिल्लू सापडले. मुठीत मावेल एवढे. मुलांनी ते बुटाच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणले. ‘काका, याला आईने टाकलंय.’ मीही बघितले, आजूबाजूला आई नाही, पिल्लू एकटे, गप्प. मी म्हणालो, ‘हो रे, टाकलेलंच दिसतंय.’ एका वाक्यात निकाल. बँकेत कर्जाच्या अर्जाला आम्ही यापेक्षा जास्त चौकशी करत होतो.

पुढचे तीन दिवस आमच्या घरी जत्रा होती. हिने गाईचे दूध पाण्यात सारखे करून, चिमूटभर साखर घालून, कोमट करून ड्रॉपरने पाजले. ते प्यायले. आम्हाला काय आनंद! वीस-बावीस मुले आळीपाळीने येऊन त्याला हातात घेत होती, गालाला लावत होती. ते अजिबात हलत नसे. आम्ही म्हणायचो, बघा किती माणसाळलंय. नावही ठेवले, ‘ससोबा’. रात्री ते खोक्यात गाऱ्हाणे न करता पडून असायचे. शहाणे बाळ, असे ही म्हणायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे पोट टरारून फुगले. मग जुलाब. रात्री मी दर तासाला उठत होतो. चौथ्या दिवशी पहाटे पावणेपाचला खोक्यात हात घातला तेव्हा ते गार होते.

मुलांनी त्याला सी विंगच्या मागे कडुनिंबाखाली पुरले. फुले वगैरे वाहिली. तेव्हा सी विंगमधल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीने मला विचारले, ‘काका, पण त्याची आई कुठे होती?’ मी म्हणालो, ‘काय माहीत बाळ, मेली असेल.’

त्याच दिवशी संध्याकाळी वॉचमन मामांशी सहज बोलत होतो. त्यांना ही हकिकत माहीत नव्हती, कारण ते रात्रपाळीला. मी पिल्लाचे सांगितले तसे ते म्हणाले, ‘तरीच साहेब. दोन रात्री झाल्या, एक ससा त्या कापलेल्या गवतात नुसता गोल गोल फिरत होता. मी काठी आपटली तरी लांब जायचा आणि परत यायचा. मला वाटलं, याला झालंय काय.’

मी काही बोललो नाही. घरी येऊन हिलाही सांगितले नाही. चार-पाच दिवसांनी सांगितले.

बँकेचे जुने खातेदार असलेले एक पशुवैद्य माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘तुम्ही त्याला वाचवायला उचललंत तिथंच ते अनाथ झालं.’ पुढे त्यांनी जे समजावले ते मी नंतर वाचूनही पडताळले, आणि वीस वर्षांत डोळ्यांनीही थोडेफार पाहिले.

रानसशाची मादी पिल्लाजवळ बसत नाही. मुद्दाम बसत नाही. तिच्या अंगाला वास असतो, पिल्लाच्या अंगाला जवळजवळ नसतो. ती जवळ बसली तर कोल्हा, मुंगूस, रानमांजर, कुत्रा वास काढत येणार. म्हणून ती पिल्लू गवतात लपवून लांब जाते. एकाहून जास्त असतील तर बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी ठेवते. अंधार पडला, की चोरपावलांनी येते, मोजून काही मिनिटे पाजते, आणि पुन्हा निघून जाते. चोवीस तासांत बहुधा एकदाच. आता एकदाच पाजून भागायचे तर दूधही तसेच हवे. तिचे दूध इतके दाट आणि स्निग्ध असते, की गाईचे दूध त्यापुढे ताकाचे पाणी. आम्ही त्यातही पाणी घातले होते, वर साखर. त्या पिल्लाच्या पोटात ती साखर आंबली आणि वायू धरला.

आणि ते ‘शहाणे बाळ’ गप्प का होते? तर भीतीने. न हलणे हेच त्या पिल्लाचे एकमेव शस्त्र. आम्ही गालाला लावत होतो आणि ते आपल्या परीने मेल्यासारखे पडून होते. रानसशाला भीतीचाच एवढा धक्का बसतो, की बाहेर जखम नसताना ते त्यानेही दगावते. त्या माणसाळण्याची आठवण आली, की मला अजून कसेतरी होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त टोचते. हे मला माहीत असायला हवे होते, कारण एका माणसाने मला ते आधीच सांगितले होते. १९८३ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली मेंढ्यांची कर्जे तपासायला माळावर हिंडत होतो. एका धनगर बाबांच्या मेंढ्या मोजत चाललो असता त्यांनी एकदम काठी आडवी धरली आणि कळप बाजूला वळवला. बघतो तर गवतात सशाचे पिल्लू. मी वाकून उचलायला गेलो, तर म्हणाले, ‘सायेब, हात नगा लावू. माय हितंच कुठंतरी बसली असंल. आपुन गेल्याबिगर ती यायची न्हाई.’ मी मेंढ्यांचा आकडा वहीत लिहून घेतला. ते वाक्य लिहून घेतले नाही. बी. कॉम. झालेल्या अधिकाऱ्याने अंगठा लावणाऱ्याकडून काय शिकायचे, असा तेव्हाचा एकंदर थाट होता.

आता २०११ ची गोष्ट सांगतो, म्हणजे वातावरण जरा हलके होईल. जुलै महिना. पुन्हा तीच जागा, पुन्हा गवतकापणी, फक्त आता मशीनने. मशीनचा आवाज थांबला आणि पोरे धावत आली, ‘काका, सापडलं!’ या वेळी मी खाली गेलो ते हातात खोके न घेता. पिल्लू धडधाकट होते. जखम नाही, अंग ऊबदार, माश्या नाहीत. गवतकापणी तिथेच थांबवली. मशीनवाल्याला पूर्ण दिवसाची मजुरी दिली, त्यावरून पुढच्या मीटिंगमध्ये मला जाब विचारला गेला हा भाग वेगळा. जिथे सापडले तिथले गवत कापले गेले होते, म्हणून पिल्लाला आठ-दहा फुटांवर कडेच्या उंच गवतात ठेवले. हातात रुमाल घेऊन उचलले एवढेच. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. पण उगाच हाताळायचेही नाही.

मग खरी परीक्षा. सोसायटीतली सगळी मुले, आणि खरे सांगायचे तर निम्मे पालकसुद्धा, बघायला येणार. मी अट घातली. मागच्या बाजूला कोणीही जायचे नाही. बघायचे तर बी विंगच्या गच्चीवरून, दिवे बंद, टॉर्च नाही, मोबाइल नाही, आवाज नाही. पार्किंगचे मागचे दोन दिवे मामांनी बंद केले. तळमजल्यावरच्या काकूंनी आपले मांजर न्हाणीघरात कोंडले, त्याने तासभर जे काही आकांडतांडव केले ते मला अजून ऐकू येते. गच्चीवर मुलांना गप्प ठेवायचे काम सी विंगच्या त्या मुलीने अंगावर घेतले, तीच ती, २००४ साली प्रश्न विचारणारी. आता ती नववी-दहावीत होती. तिला मी काही सांगितले नव्हते. तिने मला काही विचारलेही नाही.

सात वाजले, सव्वासात झाले. अंधारून आले. पाऊस थांबला होता, पण गच्चीची फरशी ओली. एकाला शिंक आली ती त्याने शर्टात तोंड खुपसून दाबली. साडेसातला काही मुले कंटाळून खाली गेली. मला मनातून वाटू लागले, की आता ती येत नाही, मशीनच्या आवाजाने टेकडीपार गेली असणार. आणि मग भिंतीच्या तळाशी पावसाचे पाणी जायला जी भोके ठेवली आहेत, त्यातल्या मधल्या भोकातून एक सावली आत आली. बसली. कान फिरवले. चार उड्या, पुन्हा बसली. जिथे पिल्लू आधी होते त्या कापलेल्या जागी ती गेली आणि थांबली. तिथे काही नव्हते. माझ्या शेजारी कोणीतरी माझा हात धरला. ती तिथे जरा फिरली, मग कडेच्या गवताकडे गेली, आणि गवत हलले. पिल्लूच बाहेर आले होते. तीनेक मिनिटे ती तिथे न हलता उभी होती. मग आली तशी गेली.

खाली आल्यावर कोणी बोलतच नव्हते. मांजर तेवढे ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या रजिस्टरवर सही करताना पाहिले, मामांनी आपल्या गोल अक्षरात नोंद केली होती. ‘नाव’ या रकान्यात: ससा, १. ‘वेळ’: ७.४०. ‘कोणाकडे’ या रकान्यात लिहिले होते: बाळाकडे. ते रजिस्टर संपल्यावर मी सेक्रेटरींच्या परवानगीने घरी आणून ठेवले आहे. बाहेरच्या टेबलावर आज प्रदर्शनात मांडलेय, जरूर बघा.

पण प्रत्येक वेळी पिल्लू परत ठेवून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर तुम्ही जखमी पिल्लूही गवतात ठेवून याल आणि म्हणाल, काकांनी सांगितलं होतं. आई गाडीखाली मेलेली डोळ्यांनी दिसली, पिल्लू मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडातून सुटलेले आहे, रक्त आहे, पाय लोंबतो आहे, अंगावर माश्यांनी अंडी घातली आहेत, किंवा अंग गार आणि लुळे पडले आहे, तर त्याला मदत हवी. आणि मदत म्हणजे आपले स्वयंपाकघर नव्हे. झाकणाचे खोके घ्या, हवेला भोके पाडा, आत जुना सुती कपडा. टॉवेलने हळूच उचला, मागचे पाय आधार देऊन. कान धरून तर कधीच उचलू नका, मोठ्या सशालासुद्धा. मागच्या पायांत एवढा जोर असतो, की अधांतरी झाडलेल्या लाथेने स्वतःचाच कणा मोडतो. पिल्लू गार असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, एकाच बाजूला, म्हणजे नकोसे झाले तर त्याला सरकता येते. झाकण लावा, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा, आणि वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा, १९२६. दूध नाही, पाणी नाही, बिस्किट नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काही गेले तर ते पचतच नाही. उताणे धरून पाजले तर फुप्फुसात जाते.

मांजराच्या दाताची जखम केसांत दिसत नाही, पण विष भिनायला तेवढी पुरते. तेव्हा ‘काही झालेलं दिसत नाही’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. आणि घरातले औषध देऊ नका. आपण लहान मुलांना देतो ते ॲमॉक्सिसिलीनचे गोड सरबत सशाच्या तोंडावाटे गेले, तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाच दगावतो. सशाचे सगळे पचन त्या जंतूंवर चालते. अन्न एकदा पचवून भागत नाही म्हणून तो आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो. मुलांनो, नाक मुरडू नका, त्याचे ते जीवनसत्त्व आहे.

२०१८ च्या मार्चमध्ये टेकडीला वणवा लागला. तुम्हाला आठवत असेल, दोन दिवस बाल्कनीत राख येत होती. आपल्या टेकड्यांवर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे गवत पेटते, कधी बिडीने, कधी मुद्दाम. विझवायला गेलेल्या मुलांना एक मोठे पिल्लू मिळाले, चारही तळवे भाजलेले. खोक्यातून तासाभरात उपचार केंद्रावर नेले. सगळे नियमाने केले होते. ते दुसऱ्या रात्री गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही चुकला नाहीत.’ तेवढ्यासाठी मी चौदा वर्षे थांबलो होतो, पण समाधान वाटले असे नाही.

पुढच्या पावसाळ्यात मात्र मांजराने आणलेले एक पिल्लू वाचले. केंद्राने मला दोन-तीनदा लांबून बघू दिले. आम्ही केले होते त्याच्या बरोबर उलट. पिल्लाला नाव नाही, नुसता नंबर. खोलीत कोणी बोलत नाही. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी, ती दाट कालवून, बारीक सिरिंजने, पिल्लू चार पायांवर बसलेले असताना, त्याच्या घोटाच्या वेगाने. त्यानंतर ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचे, कारण आईच्या चाटण्याशिवाय अगदी लहान पिल्लाला लघवी होत नाही. रोज वजन. आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी लवकर ताजे गवत समोर. त्याला दिसते ते सगळे खरे गवतच, माणूस जेमतेम दिसतो. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, ‘आपल्याला बघून ते पळालं पाहिजे. पळालं नाही तर आपण नापास.’

महिना-सव्वा महिन्याने त्याला संध्याकाळी गवताळ माळावर सोडले. खोके आडवे केले, झाकण काढले आणि आम्ही मागे सरलो. बराच वेळ काही नाही. मग ते बाहेर आले, आणि जे सुटले ते एकदाही न वळता. मी बँकेत छत्तीस हजारांपासून छत्तीस लाखांपर्यंत कर्जे दिली. फेडून जाताना माणूस निदान दारात थांबून ‘येतो साहेब’ म्हणायचा. इथे तेही नाही, आणि तेच बरोबर होते.

एक गोष्ट नाव न घेता सांगतो. मध्यंतरी एका बिऱ्हाडात रानसशाचे पिल्लू पिंजऱ्यात पाळले होते. कायद्याने ते चालत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या या सशालाही लागू आहे, मग हेतू कितीही चांगला असो. पण कायदा बाजूला ठेवा. हा ससा पाळीव होतच नाही. फटाका वाजला, की तो पिंजऱ्याच्या गजांवर डोके आपटतो. दिवाळीत काय झाले असेल ते तुम्ही ओळखा. त्या कुटुंबाचा राग मी करू शकत नाही, माझा स्वतःचा हिशोब मी आताच मांडला.

आता शेवटचा मुद्दा, आणि अध्यक्षांनी घड्याळ दाखवलेले मी पाहिले आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून ज्येष्ठांसाठी चालण्याचा ट्रॅक करायचा ठराव येणार आहे. माझ्या गुडघ्यांची अवस्था पाहता त्या ट्रॅकचा पहिला लाभार्थी मीच असेन, आणि मी ठरावाला विरोध करणार नाही. त्याच ठरावात भिंतीच्या तळाची पाण्याची भोके सापांच्या भीतीने जाळी लावून बंद करायची असे लिहिले आहे. माझा त्यावर लेखी अर्ज आहे, सेक्रेटरींनी त्याची पोच दिली आहे. ट्रॅक इमारतीच्या बाजूने घ्या. टेकडीकडच्या भिंतीलगत पंधरा फुटांचा पट्टा गवताचा राहू द्या आणि जून ते सप्टेंबर त्यात मशीन नको. बाकीचे गवत कापताना आधी एकाने काठी घेऊन फिरून यावे आणि कापणी इमारतीच्या बाजूने सुरू करून भिंतीकडे न्यावी, म्हणजे आत जे काही बसलेले आहे त्याला निघून जायला वाट राहते. पालापाचोळा तिथे पेटवू नये. आणि मधले भोक उघडे ठेवा. तीनपैकी फक्त मधले. बाकी दोघांना खुशाल जाळी लावा. पावसाचे पाणी तुंबले तर उपसायचा खर्च माझ्या मेंटेनन्समध्ये घाला.

पहिल्या वर्षी हेडलाइटमध्ये दोन-तीन ससे एका वेळी दिसायचे. मागच्या पावसाळ्यात संपूर्ण चार महिन्यांत मला एक दिसला, तोही एकदाच, ऑगस्टमध्ये. नवीन वॉचमन तरुण आहे, त्याला मी जुने रजिस्टर दाखवले. आता तोही नोंद ठेवतो.

सी विंगची ती मुलगी आता लग्न होऊन बंगळुरूला असते. आजच्या कार्यक्रमाला ती येऊ शकली नाही. भाषण लिहून झाल्यावर मी ते तिला फोनवर वाचून दाखवले, २००४ चा भागसुद्धा, वॉचमन मामांनी सांगितले होते त्यासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काका, मला तेव्हाच कळलं होतं. मामांनी मलाही सांगितलं होतं.’

झाकणाचे खोके, टॉवेल आणि रबरी बाटली माझ्या घरी दाराशेजारच्या कपाटात असते. रात्री कितीही वाजता बेल वाजवा, मी दोनदा वाजल्यावर उठतो, पहिली मला ऐकू येत नाही.